फ्रेंच गुन्हेगारीपट : फाँतोमासपासून मेलव्हिलपर्यंत

1913 च्या मे महिन्यात पॅरिसच्या प्रेक्षकांनी पडद्यावर असा एक गुन्हेगार पाहिला, जो शेवटपर्यंत सापडत नाही. गोमाँ कंपनीसाठी लुई फय्यादने दिग्दर्शित केलेल्या ‘फाँतोमास’ या मूकपटमालेचा तो पहिला भाग होता. पुढच्या वर्षभरात आणखी चार भाग आले. इन्स्पेक्टर ज्यूव्ह आणि पत्रकार फाँदोर सतत त्याच्या मागावर असतात आणि दर वेळी फाँतोमास वेष पालटून निसटतो. मूळ कादंबऱ्या पिएर सुव्हेस्त्र आणि मार्सेल आलँ या जोडीच्या. 1911 ते 1913 या काळात महिन्याला एक अशा वेगाने त्यांनी 32 कादंबऱ्या लिहून काढल्या आणि त्या स्वस्त किमतीला हातोहात खपल्या.

गुन्हेगाराबद्दलचे हे आकर्षण फ्रान्समध्ये सिनेमाच्या आधीपासून रुजलेले होते. पॅरिसच्या गुन्हे शोधणाऱ्या पोलीस दलाचा, ‘स्युर्ते’चा, पहिला प्रमुख व्हिदोक हा स्वतः तुरुंगातून पळालेला कैदी होता. 1828 मध्ये निघालेल्या त्याच्या आठवणींनी चोर आणि पोलीस यांच्यातली रेघ किती पुसट असते हे वाचकांना दाखवून दिले. एमिल गाबोरिओने 1866 मध्ये पोलिसी तपासाची कादंबरी लिहिली. मोरिस लब्लाँचा सभ्य, रसिक चोर आर्सेन ल्युपँ 1905 मध्ये अवतरला. त्यातच 1911–12 मध्ये बोनो टोळीने बँकेच्या माणसांना लुटून मोटारीतून पळ काढला, तेव्हा पोलिसांकडे पाठलागासाठी सायकली आणि घोडे होते. ‘फाँतोमास’ पाहायला आलेल्या प्रेक्षकांच्या मनात ही बातमी ताजी होती.

फय्यादचे मोठेपण असे, की त्याने ही अद्भुत कथानके पॅरिसच्या खऱ्या रस्त्यांवर नेली. त्याचा कॅमेरा शांत असतो, घरे, छपरे, गोदामे रोजच्या पाहण्यातली असतात, आणि त्या साध्या जागांतून अचानक काळे कपडे घातलेला माणूस भिंतीवरून सरपटत येतो. पहिले महायुद्ध चालू असताना, 1915–16 मध्ये, त्याने ‘ले व्हाँपीर’ ही दहा भागांची मालिका काढली. सगळे भाग मिळून सुमारे सात तासांचे होतात. तरुण पुरुष आघाडीवर गेलेले आणि रस्ते ओस पडलेले, असे ते पॅरिस आहे. काळ्या अंगाबरोबर कपड्यांतली इर्मा व्हेप ही म्युझिदोराने साकारलेली टोळीतली स्त्री प्रेक्षकांना एवढी आवडली, की गुन्हेगारीचे उदात्तीकरण होते असे म्हणून पोलिसांनी काही काळ प्रदर्शनावर बंदी घातली. आंद्रे ब्रताँ आणि लुई आरागाँ यांच्यासारखे पुढचे अतिवास्तववादी कवी या मालिकेवर जीव टाकत. सुशिक्षित समीक्षक मात्र तिला हलकी करमणूक समजत होते. आज पाहता कवींची पारख खरी ठरली.

बोलपट आल्यावर या परंपरेला वेगळे वळण मिळाले. 1931 मध्ये ज्याँ रेन्वारने ‘ला शिएन’ काढला. मिशेल सिमाँने रंगवलेला त्याचा नायक हा कारकुनी करणारा, फावल्या वेळात चित्रे काढणारा, घरात बायकोची बोलणी खाणारा मध्यमवयीन रोखपाल आहे. एका तरुणीच्या नादी लागून तो पैशांची अफरातफर करतो आणि शेवटी तिचा खून करतो. मृत्युदंड मात्र तिच्या दलालाला होतो. खुनाच्या क्षणी कॅमेरा खोलीबाहेर जातो. खाली रस्त्यावर गवई गात असतो, लोक भोवती जमलेले असतात, आणि वर काय घडले याची त्यांना वार्ताही नसते. हीच कथा फ्रिट्झ लांगने 1945 मध्ये हॉलिवूडमध्ये ‘स्कार्लेट स्ट्रीट’ या नावाने केली. तिथल्या सेन्सॉरच्या नियमांमुळे खुनी मोकळा फिरणे शक्य नव्हते, म्हणून त्याला अपराधाच्या भावनेने वेडा झालेला दाखवावे लागले. रेन्वारचा रोखपाल भिकारी होतो, पण मजेत राहतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर फ्रेंच गुन्हेगारीपटाचा स्वभाव लगेच ध्यानात येतो. तिथे शिक्षेचा हिशेब चुकता करण्याची घाई नसते.

1931 मध्येच जॉर्ज सिमनाँचा इन्स्पेक्टर मेग्रे पुस्तकांतून वाचकांसमोर आला आणि 1932 मध्ये रेन्वारने ‘ला न्युई द्यु कार्फूर’ हा मेग्रेवरचा पहिला चित्रपट केला. मेग्रेच्या भूमिकेत दिग्दर्शकाचा थोरला भाऊ पिएर रेन्वार होता. या चित्रपटाचे कथानक नीट उलगडत नाही. लक्षात राहतात ते धुके, चिखल, हमरस्त्याच्या चौकातले गॅरेज आणि अंधारातून येणारे मोटारींचे दिवे. वातावरणालाच कथेचा भार वाहायला लावण्याची ही रीत पुढच्या दहा वर्षांत फ्रेंच सिनेमाचे बलस्थान बनली.

तिचा सर्वांत मोठा चेहरा म्हणजे ज्याँ गाबँ. 1937 च्या ‘पेपे ल मोको’मध्ये ज्युलियाँ द्युव्हिव्हिएने त्याला अल्जीअर्सच्या कसबा वस्तीत लपलेला पॅरिसचा दरोडेखोर केले. गल्लीबोळांच्या त्या चक्रव्यूहात पोलीस त्याला पकडू शकत नाहीत आणि बाहेर पाऊल टाकले की तो सापडणार हे त्याला ठाऊक असते. पॅरिसहून आलेल्या एका स्त्रीमुळे त्याला आपले शहर आठवते, मेट्रो आठवते, आणि तो बंदराकडे निघतो. शेवटी बेड्या घातलेला पेपे बंदराच्या गजांआडून तिला हाक मारतो, ती हाक जहाजाच्या भोंग्यात बुडून जाते, आणि तो स्वतःचा जीव घेतो. कसब्याचे बरेचसे दर्शन स्टुडिओतल्या सेटवरचे आहे. अल्जीरिया त्या वेळी फ्रान्सची वसाहत होती आणि तिथली माणसे या चित्रपटात बहुतेक पार्श्वभूमीपुरतीच येतात, ही त्याची मोठी उणीव. तरीही घराची ओढ हीच माणसाला मृत्यूकडे नेते, ही कल्पना इतक्या ताकदीने याआधी पडद्यावर आली नव्हती. हॉलिवूडने दुसऱ्याच वर्षी ‘अल्जीअर्स’ नावाने तो जवळपास दृश्यागणिक पुन्हा बनवला.

1938 मध्ये मार्सेल कार्नेचा ‘ल के दे ब्र्युम’ म्हणजे ‘धुक्यातला धक्का’ आला. पटकथा-संवाद कवी ज्याक प्रेव्हेरचे. सैन्यातून पळालेला शिपाई ल आव्ह्र बंदरात येतो, एका मुलीच्या प्रेमात पडतो, परदेशी जाणाऱ्या बोटीवर जागाही मिळवतो आणि रस्त्यात गोळी लागून मरतो. कथा एवढीच. ओल्या फरसबंदीवरचा उजेड, धुक्यात अर्धवट दिसणारी बंदरावरची झोपडी आणि कसलीही आशा न उरलेल्या माणसांचे साधे बोलणे यांतून तिला आकार येतो. त्याच साली रेन्वारने झोलाच्या कादंबरीवरून ‘ला बेत युमेन’ केला, ज्यात पॅरिस–ल आव्ह्र मार्गावरचा इंजिनचालक आपल्याच रक्तातल्या हिंसेपुढे हतबल होतो.

1939 चा ‘ल जूर स लेव्ह’ म्हणजे ‘दिवस उजाडतो’ हा या मालिकेचा कळस मानावा लागतो. एक कामगार खून करून उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलीस आणि गर्दी. रात्रभर सिगारेटी ओढत तो हे सगळे कसे घडले ते आठवत राहतो. मागे जाणारे कथन तेव्हा एवढे अपरिचित होते, की प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून सुरुवातीला खुलाशाची पाटी घालावी लागली. पुढे हॉलिवूडच्या कितीतरी चित्रपटांनी हीच मांडणी उचलली. आरकेओ कंपनीने 1947 मध्ये ‘द लाँग नाइट’ या नावाने त्याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा मूळ चित्रपटाच्या प्रती मिळवून नष्ट करण्याचा प्रयत्न केला. तो फसला हे सिनेमाचे भाग्य. सेन्सॉरने कापलेल्या दृश्यांसह हा चित्रपट 2014 मध्ये पुन्हा नीट करून दाखवला गेला.

समीक्षक या चित्रपटांना काव्यात्म वास्तववादाचे चित्रपट म्हणतात. पण त्यांचा काळोख निव्वळ फ्रेंच नव्हता. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिनच्या स्टुडिओंतले अनेक ज्यू कलावंत पॅरिसला पळून आले होते. ‘धुक्यातला धक्का’ चित्रित करणारा ऑयगेन श्युफ्टान त्यांच्यातलाच. ‘ला बेत युमेन’ आणि ‘ल जूर स लेव्ह’ यांचा छायाचित्रकार कुर्ट कुरांटही जर्मनीतून आलेला. कार्नेच्या चित्रपटांचे धुके-पावसाचे सेट उभारणारा अलेक्झांद्र त्राउनेर हा हंगेरियन ज्यू होता. बिली वायल्डरने आपला पहिला चित्रपट, मोटारचोरांवरचा ‘मोव्हेज ग्रेन’, पॅरिसमध्येच सहदिग्दर्शित केला. रॉबर्ट सिओडमाकने सहा वर्षे फ्रान्समध्ये काढली आणि 1939 मध्ये, युद्धाच्या तोंडावर, अमेरिका गाठली. पुढे ‘डबल इन्डेम्निटी’ बनवणारा वायल्डर आणि ‘द किलर्स’ बनवणारा सिओडमाक हे दोघेही पॅरिसमार्गे हॉलिवूडला पोचले. अमेरिकी फिल्म न्वारची, म्हणजे काळोख्या गुन्हेगारीपटांची, वंशावळ सांगताना जर्मन छायाप्रकाशाचा उल्लेख नेहमी होतो आणि मधला फ्रेंच मुक्काम बहुधा गाळला जातो. हा अन्याय आहे. जेम्स केनच्या ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ या पक्क्या अमेरिकी कादंबरीवरचा पहिला चित्रपटसुद्धा पिएर शनालने 1939 मध्ये फ्रान्समध्ये काढला. हॉलिवूडला त्यासाठी 1946 उजाडावे लागले.

‘फिल्म न्वार’ हा शब्दही युद्धापूर्वीच फ्रेंच वर्तमानपत्रांत छापला जात होता. 1938–39 मध्ये उजव्या विचारांचे समीक्षक ‘धुक्यातला धक्का’सारख्या चित्रपटांना ‘काळे चित्रपट’ म्हणून हिणवत. राष्ट्राचे मनोधैर्य खच्ची करणारे, पळपुटे आणि खुनी यांना नायक करणारे हे चित्रपट आहेत असा त्यांचा आक्षेप होता. 1940 मध्ये फ्रान्स हरला आणि जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारच्या गोटातून पराभवाचे खापर या चित्रपटांवरही फोडले गेले. वादळाचा दोष वायुभारमापकाला देता येत नाही, असे कार्नेने त्यावर सुनावल्याचे सांगतात.

जर्मन अंमलाखाली अमेरिकी चित्रपट बंद झाले. गोबेल्सच्या खात्याने पॅरिसमध्ये कॉन्टिनेन्टल फिल्म्स ही फ्रेंच भाषेत चित्रपट काढणारी जर्मन कंपनी स्थापन केली आणि तिने तीस चित्रपट काढले. आंरी-जॉर्ज क्लूझोने दिग्दर्शनाची सुरुवात याच कंपनीत केली. 1943 मधला त्याचा ‘ल कोर्बो’ म्हणजे ‘डोमकावळा’ हा फ्रेंच सिनेमातला सर्वांत धाडसी गुन्हेगारीपट म्हणावा लागेल. एका छोट्या गावात ‘डोमकावळा’ अशी सही असलेली निनावी पत्रे येऊ लागतात. आधी डॉक्टरवर, मग सगळ्यांवर चिखल उडतो. प्रत्येक जण संशयित, प्रत्येक जण भेकड. 1917 नंतर त्युल या गावात खरोखर घडलेल्या निनावी पत्रांच्या प्रकरणावर ही कथा बेतलेली होती. पण 1943 मध्ये शेजाऱ्यांविरुद्ध जर्मन अधिकाऱ्यांना निनावी पत्रे धाडणारी असंख्य माणसे फ्रान्समध्ये होती आणि पडद्यावर कोण दिसते आहे हे प्रेक्षकांना कळत होते. एका प्रसंगात मानसोपचार करणारा म्हातारा डॉक्टर टांगलेल्या दिव्याला झोका देतो. उजेड आणि सावली एकमेकांची जागा घेतात. चांगले कुठे संपते आणि वाईट कुठे सुरू होते, असे तो विचारतो.

हा चित्रपट दोन्ही बाजूंच्या लोकांना रुचला नाही. व्हिशीच्या नीतिरक्षकांना तो अश्लील वाटला आणि प्रतिकार चळवळीतल्या लोकांना तो फ्रेंच जनतेची बदनामी करणारा जर्मन प्रचार वाटला. फ्रान्स मुक्त झाल्यावर क्लूझोवर आजन्म बंदी घातली गेली, ती पुढे दोन वर्षांवर आली. त्या गोंधळात चित्रपटाचा रोख नीट पाहिलाच गेला नाही. निनावी चुगल्यांवर चाललेल्या राजवटीत, तिच्याच पैशाने, चुगलीचा किळस यावा असा चित्रपट त्याने काढला होता.

बंदी उठल्यावर 1947 मध्ये त्याने ‘के दे ऑर्फेव्ह्र’ आणला. हे पॅरिसच्या गुन्हे शाखेच्या तेव्हाच्या मुख्यालयाचे रस्त्यावरून पडलेले नाव. मूळ कादंबरीची प्रत बाजारात मिळत नव्हती, म्हणून क्लूझोने ती आठवून पटकथा लिहिली आणि कथानक बरेच बदलून गेले. खून कोणी केला हा प्रश्न यात जवळपास गौण आहे. नाताळच्या थंडीतली पोलीस कचेरी, नाट्यगृहातल्या गायिका आणि वादक, मत्सराने पोखरलेला नवरा, आणि लुई झूव्हेने केलेला तो विलक्षण इन्स्पेक्टर आंत्वान. वसाहतीतून परतलेला, दमलेला, बोर्डिंगात शिकणाऱ्या आपल्या सावळ्या मुलाच्या भूमितीच्या मार्कांची काळजी करणारा. पोलीस हा पगारावर काम करणारा थकलेला माणूस आहे, हे इतक्या मायेने दाखवणारा दुसरा चित्रपट त्या काळात सापडत नाही. व्हेनिस महोत्सवात क्लूझोला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले.

दरम्यान 1946 च्या मे महिन्यात अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या ब्लम–बर्न्स करारामुळे फ्रेंच चित्रगृहे हॉलिवूडला मोठ्या प्रमाणावर खुली झाली. त्या उन्हाळ्यात ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘डबल इन्डेम्निटी’ हे अनेक वर्षांचे साचलेले चित्रपट पॅरिसच्या प्रेक्षकांनी एकापाठोपाठ पाहिले. अमेरिकेत ते सुटे सुटे आले होते, म्हणून त्यांच्यातले साम्य तिथे फारसे कोणाला जाणवले नव्हते. नीनो फ्रांकने ऑगस्टमध्ये आणि ज्याँ-पिएर शार्तिएने नोव्हेंबरमध्ये लेख लिहून त्यांना ‘फिल्म न्वार’ म्हटले. शार्तिएच्या लेखाच्या मथळ्याचा आशय असा होता, की अमेरिकी लोकही काळे चित्रपट काढतात. त्यातला ‘ही’ महत्त्वाचा. फ्रेंच वाचकांना काळे चित्रपट आपल्या घरचे म्हणून आधीच माहीत होते. गालिमार प्रकाशनाने 1945 मध्ये मार्सेल द्युआमेलच्या संपादनाखाली ‘सेरी न्वार’ ही रहस्यकथांची माला सुरू केली होती. तिचे नाव प्रेव्हेरने सुचवले होते आणि आरंभीच्या लेखकांत भारतातल्या रेल्वे स्टेशनांवरच्या बुकस्टॉलमुळे आपल्याकडेही घरोघर पोचलेला जेम्स हॅडली चेज होता. 1955 मध्ये रेमाँ बोर्द आणि एतिएन शोम्ताँ यांनी अमेरिकी फिल्म न्वारवर पहिले पुस्तक लिहिले आणि संज्ञा पक्की झाली.

याच सुमाराला फ्रेंच गुन्हेगारीपटाने आपले दुसरे यौवन पाहिले. युद्धानंतर गाबँची लोकप्रियता ओसरली होती. 1954 मध्ये ज्याक बेकेरने ‘तुशे पा ओ ग्रिझ्बी’मध्ये त्याला म्हातारपणाकडे झुकलेला दरोडेखोर मॅक्स बनवले. चित्रपट सुरू होतो तेव्हा सोन्याच्या विटांचा दरोडा पडून गेलेला आहे. बेकेरला दरोड्यात रस नाही. मॅक्स आणि त्याचा जुना दोस्त रितों लपण्याच्या घरात बसून कुरकुरीत पावाला ‘पाते’ (मांसाचा मऊ लेप) लावून खातात, वाइन पितात, पायजमे घालतात, दात घासतात आणि झोपतात. हा प्रसंग कोणतीही घाई न करता चालतो. पुढे मॅक्स त्या दोस्तासाठी सोने सोडून देतो, आणि त्याने तसे का केले हे सांगायला एकही भाषण लागत नाही. कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या लिनो व्हेंतुराचा हा पहिला चित्रपट.

पुढच्या वर्षी ‘द्यु रिफिफी शे लेझोम’ आला. त्याचा दिग्दर्शक ज्यूल्स दासँ अमेरिकी होता. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी शोधसत्रात सहकाऱ्यांनी त्याचे नाव घेतल्यामुळे हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकले होते आणि काही वर्षे त्याला काम मिळत नव्हते. जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग त्याने संवाद आणि संगीत यांच्याविना चित्रित केला. वरच्या मजल्याची फरशी फोडून भोकातून छत्री आत घालतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुना आवाज न करता तिच्यात गोळा व्हावा. धोक्याच्या घंटेत आग विझवण्याचा फेस भरतात. हात काम करतात, चेहरे घामेजतात. चोरी हे कसबी मजुरांचे काम आहे असे वाटू लागते. तिजोरी फोडणाऱ्या सेझारची भूमिका दासँने टोपणनावाने स्वतः केली, आणि साथीदाराचे नाव सांगितल्याबद्दल टोळीचा म्होरक्या सेझारला गोळी घालतो. ज्याने नावे सांगणाऱ्यांमुळे देश सोडला त्याने हा प्रसंग स्वतःवर चित्रित करावा, हे पाहताना अंगावर काटा येतो. कानच्या महोत्सवात दासँला दिग्दर्शनाचे पारितोषिक विभागून मिळाले.

ज्याँ-पिएर मेलव्हिलने या साऱ्याला विधीचे रूप दिले. ग्रुमबाख हे त्याचे खरे आडनाव. प्रतिकार चळवळीत असताना त्याने ‘मोबी डिक’च्या लेखकाचे आडनाव घेतले आणि ते ठेवले. पॅरिसच्या ज्येनेर रस्त्यावर त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ थाटला होता. 1956 च्या ‘बॉब ल फ्लांबर’मध्ये छायाचित्रकार आंरी दकाएने पहाटेचे मोंमार्त्र आणि पिगाल रस्त्यांवर जाऊन टिपले. कमी पैशांत, खऱ्या जागी, हातात कॅमेरा घेऊन चित्रपट करता येतो हे तिथे सिद्ध झाले. त्याच दकाएने 1957 मध्ये लुई मालच्या ‘असांसर पूर लेशाफो’साठी रात्रीच्या शाँझेलिझेवर दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडात ज्यान मोरोचा चेहरा चित्रित केला. त्या चालण्यामागचे संगीत माइल्स डेव्हिसने डिसेंबरमधल्या एका रात्री, पडद्यावरची दृश्ये पाहत, उत्स्फूर्तपणे वाजवले. माल तेव्हा 25 वर्षांचा होता. 1960 मध्ये गोदारचा ‘आ बू द सूफ्ल’ आणि त्रुफोचा ‘तिरे स्यूर ल पियानिस्त’ आले. फ्रेंच सिनेमातल्या नवप्रवाहाच्या या आरंभीच्या चित्रपटांची हाडे गुन्हेगारीपटाचीच आहेत, आणि गोदारच्या चित्रपटात तर मेलव्हिल स्वतः एका छोट्या भूमिकेत दिसतो.

1967 च्या ‘ल सामुराई’मध्ये आलँ दलाँचा भाडोत्री मारेकरी करड्या खोलीत एका पिंजऱ्यातल्या पाखराबरोबर राहतो. सुरुवातीची सुमारे दहा मिनिटे कोणी बोलत नाही. हॅटची कड बोटाने सारखी करणे, मोटारीला एकामागून एक किल्ली लावून पाहणे एवढ्यावर माणूस उभा राहतो. त्याच वर्षी ज्येनेर रस्त्यावरचा स्टुडिओ आगीत भस्मसात झाला. मेलव्हिल 1973 मध्ये वारला. हाँगकाँगच्या जॉन वूने ‘द किलर’ काढताना ‘ल सामुराई’चे ऋण उघडपणे मान्य केले.

हा प्रवाह आपल्याकडेही पोचला आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवनने पुण्यातच घडवलेला ‘अंधाधुन’ (2018) हा ‘लाकोर्दर’ या फ्रेंच लघुपटावरून सुचलेला आहे. त्याचा 2024 चा ‘मेरी ख्रिसमस’ फ्रेदेरिक दारच्या ‘ल मोंत-शार्ज’ या कादंबरीवर आधारलेला असून, जुन्या मुंबईत नाताळच्या एका रात्रीत घडतो. याच कादंबरीवर फ्रान्समध्ये 1962 मध्ये कृष्णधवल चित्रपट निघाला होता.